काशीतील फाळके आणि चित्रधंद्याची दप्तरे

महाराष्ट्रातील यात्रेकरू काशीस गेला की तेथील क्षेत्रोपाध्याय त्याचे गाव व आडनाव विचारतो, जुनी वही उलगडतो आणि आजा-पणजाची सही काढून दाखवितो. ही वही वस्तुतः धंद्याची. यजमान कोणाचा, एवढे ठरविण्यासाठी राखलेली. परंतु तीच आज कुळांच्या इतिहासाचे साधन झाली आहे.

याच काशीत १९२० च्या सुमारास दादासाहेब फाळके सहकुटुंब येऊन राहिले. ज्या नगरीत हरिश्चंद्राने स्मशानातील चाकरी पत्करली, त्या नगरीची ही कथा त्यांनी ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात पडद्यावर आणली होती. पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी त्यांचे पटेना. चित्रपटास किती खर्च यावा, किती काळ लागावा, हा वादाचा विषय होता. उद्विग्न होऊन त्यांनी काशीवास पत्करला, तेथे 'रंगभूमि' हे नाटक लिहिले आणि १९२२ साली ते पुन्हा कंपनीत परतले.

कलावंताच्या आयुष्यातील एवढा मोठा कलाटणीचा प्रसंग अखेर जमाखर्चाशी निगडित होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तेथे विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, तेव्हा दहा रुपये पगाराच्या साळुंके नावाच्या हॉटेलातील नोकरास त्यांनी पंधरा रुपयांवर आणले. याच साळुंके यांनी 'लंकादहन' या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पाच रुपयांच्या त्या वाढीत एका कलावंताचा उदय आणि एका समाजाचा संकोच, दोन्ही नोंदले गेले आहेत.

हिंदुस्थानात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांपैकी तीसही आज उरलेले नाहीत. कित्येकांच्या फिती चांदी काढण्यासाठी जाळल्या गेल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही नाहीसे झाले होते. फीत गेली की तिची साक्ष देण्यास करारपत्र, पगाराची पावती, हस्तपत्रक, तिकिटांचा हिशेब एवढेच काय ते राहते. १९२७-२८ च्या सरकारी चित्रपट चौकशी समितीपुढे फाळके यांनी दिलेली लेखी उत्तरे छापली गेली, म्हणून त्यांची धंद्याविषयीची मते आज वाचावयास मिळतात.

नाशिक, कोल्हापूर, पुणे, मुंबई येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर असली बाडे सापडली, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उलगडून पाहावीत. काशीच्या उपाध्यायांनी पोटासाठी वह्या राखल्या आणि नकळत इतिहास राखला. चित्रधंद्याच्या वह्या कोणाच्याही पोटाच्या उरल्या नाहीत. त्या जाणूनबुजूनच राखाव्या लागतील.