वॉन्डलचे ट्राउट

लंडनच्या दक्षिण भागातून वॉन्डल नावाची एक छोटी नदी वाहते. क्रॉयडन व कारशाल्टन येथील झऱ्यांतून निघून जेमतेम १४ किलोमीटर अंतरावर ती टेम्सला मिळते. एका शहरी नदीचे काय काय होऊ शकते, हे समजून घ्यायला तिचा इतिहास फार उपयोगी आहे.

आधी तिच्या पाण्याविषयी. उगमाजवळच्या टेकड्या चॉकच्या, म्हणजे मऊ, पांढऱ्या चुनखडकाच्या आहेत. पाऊस या खडकात मुरतो आणि झऱ्यांवाटे बाहेर येतो. त्यामुळे झऱ्याचे पाणी नितळ असते आणि बाराही महिने त्याचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. ट्राउट माशाला असेच पाणी लागते. मादी तळाच्या खडीत खळगा करून अंडी घालते. खडीच्या फटींतून पाणी खेळते राहिले तरच ती जगतात. फटी गाळाने बुजल्या की गुदमरतात. म्हणून ज्या प्रवाहात ट्राउटची वीण होते, त्याचे पाणी आणि तळ दोन्ही निरोगी आहेत असे समजावे.

वॉन्डल एके काळी ट्राउटसाठी नावाजलेली होती. पण तिचा बारमाही प्रवाह उद्योगांनाही हवा होता. तिच्या काठी धान्य, तपकीर, कागद यांच्या पाणचक्क्या उभ्या राहिल्या. कापड छपाईच्या धंद्याचा संबंध तर थेट आपल्या देशाशी आहे. सतराव्या शतकात भारतातील छिटाच्या कापडाने इंग्लंडला वेड लावले. कालिकत बंदरावरून सुती कापडाला तिकडे 'कॅलिको' हे नाव पडले. तेथील विणकरांनी ओरड केल्यावर १७०० साली पार्लमेंटने छापील कापडाची आयात रोखणारा कायदा केला. मग साधे कापड आणून त्यावर तिकडेच छपाई होऊ लागली, आणि त्यासाठी वॉन्डलचे पाणी सोयीचे ठरले. १८०३ साली घोड्यांनी ओढायच्या मालगाड्यांची सरे आयर्न रेल्वे या खोऱ्यातून सुरू झाली. १८८१ साली विल्यम मॉरिसने मर्टन येथे आपला छापखाना आणला. नीळ आणि मंजिष्ठ यांनी रंगवलेले त्याचे कापड याच नदीत धुतले जाई. एका नक्षीला त्याने 'वॉन्डल' असे नावही दिले.

पुढे कारखान्यांबरोबर वस्तीही वाढली आणि दोन्हींचे सांडपाणी नदीत आले. १९३० च्या दशकात ट्राउट दिसेनासे झाले. १९६० च्या दशकात तर वॉन्डलची नोंद सरकारदरबारी गटार म्हणूनच झाली. कारखान्यात ज्या दिवशी जो रंग, तोच नदीचा.

नंतर बरेच कारखाने बंद पडले, सांडपाण्यावरील प्रक्रिया सुधारली आणि पाणी निवळले. तरीही ट्राउट आपोआप परतले नाहीत. वाटेत जुने बंधारे होते आणि तळाशी गाळ होता. शिवाय शहराने नदीकडे पाठ फिरवली होती. जी नदी कोणाला दिसतच नाही, तिची काळजी कोण करणार?

येथे पायवाटेचे महत्त्व कळते. काठचे तुकडे जोडत क्रॉयडनपासून टेम्सपर्यंत सुमारे २० किलोमीटरची 'वॉन्डल ट्रेल' तयार झाली. जुन्या तपकिरीच्या गिरण्या आणि छापखान्याचे पाणचाक पाहत लोक तिच्यावरून चालू लागले, सायकली नेऊ लागले. २००० सालापासून स्वयंसेवक पाण्यात उतरून टायर आणि बाजारहाटाच्या ढकलगाड्या बाहेर काढू लागले. शाळांनी वर्गात थंड पाण्याच्या टाक्या ठेवल्या. मुले ट्राउटची अंडी सांभाळत आणि पिल्ले झाली की नदीत सोडत. १० अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला सुमारे सहा आठवडे लागतात. तापमान, प्राणवायू आणि वाढ यांचा याहून चांगला प्रयोग कोणता?

सप्टेंबर २००७ मध्ये या कामावर घाला आला. बेडिंग्टन येथील सांडपाणी केंद्रात सफाईसाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट नदीत गेले आणि हजारो मासे मेले. केंद्र चालवणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीला १,२५,००० पौंड दंड झाला. कंपनीने चूक मान्य करून नदीच्या पुनरुज्जीवनासाठी ५ लाख पौंड देऊ केले होते. ते लक्षात घेऊन २०१० साली अपील न्यायालयाने दंड ५०,००० पौंडांवर आणला. कंपनीच्या पैशाला लगेच वाट मिळाली, कारण नदीला काय हवे हे जाणणारी माणसे काठावर आधीपासून काम करत होती. खडी टाकली गेली, बंधाऱ्यांतून माशांना वाटा मिळाल्या, आणि पुढे नदीतच जन्मलेली ट्राउटची पिल्ले सापडू लागली.

पाणी शुद्ध करण्याचे तंत्र पुस्तकात मिळते. पण एका रात्रीत मेलेली नदी पुन्हा उभी करायला तिला ओळखणारी माणसे लागतात, आणि ती ओळख काठाने चालल्याशिवाय होत नाही. विद्यार्थ्यांना 'जलप्रदूषण' शिकवताना एखादा तास जवळच्या ओढ्याकाठी घ्यावा, तो एवढ्यासाठीच.