दगडाला लेप हवा काय?

भिवंडीजवळच्या लोणाडचें शिलाहारकालीन शिवालय पाहतांना प्रथम त्याच्या पडझडीचें वाईट वाटतें. मग नवल वाटूं लागतें तें उरलेल्या दगडाचें. जवळच चौधरपाड्यास केशिदेवाचा शके ११६१, म्हणजे इ. स. १२३९ चा शिलालेख मिळाला, आणि त्याचीं अक्षरें विद्वानांना वाचतां आलीं. अंबरनाथचें देऊळ तर इ. स. १०६० चें. कोंकणचा पाऊस कसा असतो हें आपणांस सांगावयास नकोच!

मग दगडाला लेपाची गरज काय? प्रश्न जुना आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत 'वज्रलेप' सांगितला: टेंभुर्णीचीं कच्चीं फळें, कवठ, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा अष्टमांश आटवावयाचा, त्यांत गुग्गूळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादि घालून तो तापलेला लेप देवळें, मूर्ति, भिंती व विहिरी यांना द्यावयाचा. तो कोटि वर्षें टिकतो, ही ग्वाही मात्र ग्रंथकाराच्या उत्साहाची समजावी.

आमचा काळा पाषाण लाव्ह्याचा. घट्ट जातीचा असेल तर तो पाणी फारच थोडें पितो; सच्छिद्र जातीचा अधिक. घरांतल्या पाट्या-वरवंट्याला कोणी कधीं लेप दिला आहे काय? टाकी लावून घेतली कीं झालें. भिंतीचें दुखणें निराळें. जमिनींतील ओल क्षारांसह वर चढते आणि पृष्ठभागावाटे सुकते. वर अभेद्य थर बसविला, तर पाणी आंत कोंडतें, क्षार थराखालीं स्फटिकरूप होतात, आणि रक्षणासाठीं दिलेला लेप दगडाचा पापुद्रा घेऊन गळतो. देवळांवर चकचकीत रंग चढविणाऱ्या उत्साही मंडळींनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें. न्यूयॉर्कमध्यें १८८१ सालीं उभारलेल्या मिसरी स्तंभाचे पापुद्रे सुटूं लागले, तेव्हां १८८५ सालीं त्याला वितळलेलें पॅराफिन पाजावें लागलें. आणि तो तर ग्रॅनाइटचा!

उलट, पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज नित्याच्या पूजेची व स्पर्शाची. म्हणून २०२० सालींहि तिच्यावर लेपाची प्रक्रिया झाली. तेथें प्रश्न पावसाचा नव्हता.

आतां घरांतली गोष्ट. कोरड्या फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाव घटका थांबावें. डाग गडद झाला, तर दगड पाणी पितो. तेथें हळद व तेलहि मुरेल. अशा ओट्याला छिद्रांत शिरणारा, पण वाफ अडवून न धरणारा लेप द्यावा, आणि तो कालांतरानें पुन्हा द्यावा लागतो. थेंब तसेच राहिले, तर पैसे वाचवावे. संगमरवराच्या देवघरावर लिंबू सांडलें, तर मात्र बहुधा हा लेपहि कामास येत नाहीं. आम्ल त्या दगडालाच खातें. तेथें ओलें फडकें चटकन् फिरविणें, एवढाच उपाय.

लोणाडच्या भिंतींपुरतें विचाराल, तर मी आधीं छपरावरचीं झाडें काढीन आणि पायाशीं सांचणारें पाणी वळवीन. लेपाची भाषा त्यानंतर.