सरकारचे देणे आणि पावतीचा कागद



डहाणू-तलासरी म्हटले की कुणाला घोलवडच्या चिकूच्या वाड्या आठवतात, कुणाला वारल्यांची भिंतीवरची चित्रे. मला आज बोलायचे आहे ते पावतीच्या कागदाबद्दल. कराच्या नावाने भोळ्याला लुबाडायचे, ही काही मोबाइल फोन आल्यावर निघालेली विद्या नव्हे. या मुलखाने ती फार पूर्वी भोगली आहे, आणि तिच्याशी झुंजही दिली आहे.

इंग्रजी अमलात जमिनीचा सारा रोख रुपयांत भरावा लागे. वारल्याच्या घरात नागली असे, बरे साल असले तर भातही असे. पण रोकड कुठली? मग सावकाराची पायरी चढायची आणि तो पुढे करील त्या कागदावर अंगठा उठवायचा. कागदात काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. होता होता जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर चढल्या आणि काल जो धनी होता तो आज कूळ झाला. लग्नासाठी कर्ज काढले तर ते फेडण्याकरिता नवराबायको दोघांनी धन्याच्या घरी राबायचे. अशा माणसाला नावच पडले ‘लग्नगडी’. किती वर्षे राबले म्हणजे कर्ज फिटते, याचा हिशेब धन्याच्या वहीत. आणि वही कोण वाचणार?

या सगळ्यात एक गोम होती, बरं का. सरकारचे देणे कुठे संपते, मालकाचा खंड कुठे सुरू होतो आणि निव्वळ रिवाजाच्या नावाखाली काय उकळले जाते, हे निराळे करून सांगणारे कुणी नव्हते. पाठीवर वेठीचा भारा दिला काय, खंडाबरोबर आणखी चार पायल्या मोजून घेतल्या काय, ‘द्यावे लागते’ एवढेच कानावर पडे. १९३७ साली मुंबई सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासी भागांच्या चौकशीसाठी नेमले. १९३९ च्या त्याच्या अहवालात हे कर्ज, ही वेठ आणि धाकटे सरकारी नोकर काय काय उकळतात ते, सारे नोंदलेले आहे. अहवाल झाला. वेठ राहिली.

पुढे जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. आज ते तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही आणि ठरल्या मजुरीवाचून कामाला जायचे नाही, असे तिथे ठरले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात पाच माणसे गेली. ‘हे मी कशापोटी द्यायचे?’ एवढे विचारण्याची किंमत तेव्हा इतकी होती.

मग १९४८ चा कूळकायदा आला. त्याच्या ११ व्या कलमात म्हटले आहे की कायदेशीर खंडाखेरीज मालकाने कुळाकडून कसलाही कर, पट्टी, हक किंवा चाकरी घ्यायची नाही. त्या यादीत ‘वेरो’ हा गुजराती शब्दही घातलेला आहे. नाव बदलून तीच वसुली चालू राहू नये, हा त्यातला धोरणीपणा. आणि २६ व्या कलमाने खंड हाती पडताच लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक केले. मला विचाराल तर हे कलम आपल्याकडे फार कमी वाखाणले गेले.

शिक्षकमंडळी म्हणतील, ही अक्षरशत्रूंची कहाणी झाली. शिकल्यासवरल्याला कोण फसवणार? तर डहाणूहून लोकल धरा आणि मीरा रोडला उतरा. ४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी तिथल्या काही कॉल सेंटरांवर छापा घातला. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले, त्यांपैकी ७० जणांना अटक झाली. तिथली पोरे अमेरिकेतल्या लोकांना फोन लावीत. ‘मी कर खात्याचा अधिकारी. तुमचा कर थकला आहे. आत्ता भरा, नाहीतर पोलीस दारात येतील,’ असे सांगत आणि दुकानातली भेटकार्डे विकत घ्यायला लावून त्यांचे आकडे फोनवर काढून घेत. फसलेल्या माणसांना लिहिता-वाचता उत्तम येत होते. पण सरकारचे नाव, दाराशी पोलीस आणि विचार करायला वेळ नाही, एवढ्याने त्यांचे हातपाय गळाले.

शिक्षकांना भीतीपेक्षा लोभाची बाजू अधिक संभवते. कापलेला कर परत मिळवून देतो, मला टक्केवारी द्या, असे सांगत एजंट फिरतात आणि न दिलेल्या देणग्या, न भरलेले हप्ते विवरणपत्रात दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा मध्यस्थांवर देशभर कारवाई केली. खोटे विवरण पकडले गेले की खाते विचारते ते पगारदाराला. एजंट तोवर फोन उचलत नाही.

आयकर खात्याच्या पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून एक ओळख-क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर घालून पत्र खरे की खोटे ते पाहता येते. बँकेचा गुप्त आकडा किंवा ओटीपी खाते कधीच मागत नाही. भातशेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, तेव्हा ‘तुमच्या भाताचा आयकर थकला’ म्हणणारा लबाड समजावा. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरली की पावती तिथल्या तिथे घ्यावी. ‘उद्या आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे ठेवू नयेत. आणि फोनवरून पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नये, त्याच घटकेला १९३० हा क्रमांक फिरवावा. लक्षात ठेवायला सोपा आहे: मिठावरच्या कराविरुद्ध सत्याग्रह झाला, तेच हे साल.