राजी नसलेल्यांचे राजीनामे

माझा चुलता राखीव जागेवरून सरपंच झाला आणि अडीच वर्षांत घरी बसला. गावाचं नाव लिहीत नाही, सातारा-सांगलीच्या शिवेवरचं आहे एवढं पुरे. कागदावर काय झालं? तर ‘राजीनामा’. शब्द फारसी. राजी असल्याचा नामा, म्हणजे खुशीचा कागद. चुलत्याची खुशी कशी मिळवली ते आमच्या वस्तीला ठाऊक आहे. पाणी तोडलं, पोरांना उसाच्या टोळीवर घेईनात, आणि एका रात्री चौघं जण कागद घेऊनच आले.

तेव्हापासून मी या शब्दांच्या मागं लागलोय. माणसाला वरनं खाली ओढायचं आणि ओढणाऱ्याचा हात दिसू द्यायचा नाही, यासाठी आपल्या भाषेत केवढा साठा आहे! पायउतार झाला. म्हणजे जणू आपल्याच पायानं उतरला. पदच्युत झाला. च्युत म्हणजे गळालेला, पिकलं पान गळावं तसा. बडतर्फ हा फारसी ‘बर-तरफ’, बाजूला सारलेला. बरखास्त म्हणजे उठलेला, सभा उठते तसा. एकटी उचलबांगडी तेवढी खरं बोलते. हातपाय धरून उचलला आणि नेला. आमच्या सूतगिरणीत ‘नारळ दिला’ म्हणतात. पोटावर पाय, आणि वर सत्कार केल्यासारखी भाषा.

या शब्दांचा इतिहास शोधायला लांब जायला नको. साताऱ्याच्या गादीनं हे सगळं भोगलंय. १७५० साली ताराबाईनं रामराजाला किल्ल्यात कोंडलं. गादी त्याची, शिक्का त्याचा, माणूस मात्र आत. पुढं पेशव्यांनी तीच रीत धरली. पेशवाईची वस्त्रं साताऱ्यातनं यायची आणि वस्त्रं देणारा नजरकैदेत असायचा. काढलंही नाही, ठेवलंही नाही. याला शब्दसुद्धा लागला नाही.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपल्यातल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. पण तिच्यानंतर दीड महिन्याच्या आत, १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि एल्फिन्स्टननं तिथंच जाहीरनामा काढला की बाजीरावाची सत्ता संपली, छत्रपतीला लहानसं राज्य देऊ. म्हणजे पेशवाई कागदावर बुडाली ती साताऱ्यात. हा कागद आपण वाचला पाहिजे. भीमेच्या काठी आमच्या महार शिपायांनी रक्त सांडलं, आणि त्याची पावती फाडली दुसऱ्याच्या नावानं.

ते राज्य मिळालं प्रतापसिंहाला. २५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला. पुढं वीस वर्षांनी इंग्रजांना तोच माणूस नकोसा झाला. आरोप ठेवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदभ्रष्ट आप्पासाहेबाशी पत्रव्यवहार केला, कंपनीचे शिपाई फितवले. १८३९ च्या ऑगस्टात मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याची मागणी साधी होती. तह मोडला असं लिहून द्या, सही करा, गादी राहील. प्रतापसिंहानं सही केली नाही. सप्टेंबरात रेसिडेंट ओव्हान्सनं त्याला वाड्यातनं उचललं. पुढं काशीला नेऊन ठेवलं. तो १८४७ साली तिथंच वारला. त्याची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेला. चौदा वर्षं तिथं खेटे घातले आणि हात हलवत परत आला.

राजांचं कौतुक करणं हा माझा धंदा नाही. त्यांच्या वाड्याच्या उंबऱ्याबाहेर आपण कुठं उभे होतो ते माहीत आहे. पण त्या माणसानं खोटी खुशी लिहून दिली नाही, ही गोष्ट मला चुलत्याच्या कागदाशेजारी ठेवावीशी वाटते. पदच्युत म्हणा, काही म्हणा, त्याच्या बाबतीत राजीनामा म्हणता येत नाही.

गादीवर भाऊ बसवला. तो १८४८ च्या एप्रिलात मेला. दत्तक नामंजूर करून डलहौसीच्या अमलात राज्य ‘खालसा’ झालं. अरबी शब्द, अर्थ निर्भेळ, शुद्ध. सरकारात जमा झालं म्हणून जमीन शुद्ध झाली! सोवळं काय फक्त भटाकडंच असतं?

१९४३ नंतर नाना पाटलांच्या लोकांनी वेगळाच शब्द काढला, प्रतिसरकार. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. दक्षिण सातारा झाला १९४९ ला, सांगली हे नाव आलं १९६० ला. त्यांनी इंग्रजाला नुसतं जा म्हटलं नाही, त्याच्या शेजारी दुसरं सरकार मांडलं. लोकांनी ‘प्रति’चं ‘पत्री’ केलं. फितूर पाटलाच्या, दरोडेखोराच्या तळपायाला पत्रे ठोकतात म्हणून. तिथं भाषा चोरटी नव्हती.

आणि आम्ही? आमच्याकडं पद होतं ते वतनाचं. येसकराची काठी, तराळाची धाव, रात्री-अपरात्री चावडीची हाक. हे वतन आम्हाला नको म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. ते पास झालं नाही. वतन जाईपर्यंत १ ऑगस्ट १९५९ उजाडला. ज्या कामात मालकी नाही, पगार नाही, ते सोडतो म्हटलं तर सोडू देत नव्हते, राजीनामा घेत नव्हते. आणि आता पंचायतीत खरी खुर्ची मिळाली तर राजीनामा हातानं लिहून घ्यायला घरी येतात.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ३५ वं कलम अविश्वास ठरावाचं आहे. त्याला सभा लागते, हात वर करावे लागतात, कोण विरुद्ध गेलं ते नोंदलं जातं. राजीनाम्याला हात वर करावे लागत नाहीत, म्हणून तो सोयीचा. राजीनाम्याबद्दल वाद असेल तर कलेक्टरकडं जाता येतं, पण मुदत थोड्या दिवसांची असते. हे कलम मी वाचून चुलत्याला सांगितलं तेव्हा मुदत कधीच टळून गेली होती. तो म्हणाला, “लेका, मी फकस्त सही केली. वर काय लिव्हलंय ते त्यांनी मला वाचूनसुदिक दावलं न्हाई.”