मातीचा पेला

तांदळाच्या मद्याचा पेला हा वसंत व्याख्यानमालेचा विषय कसा, असे कोणी विचारील. आम्हांस मद्यापेक्षा पेल्याचीच गोडी अधिक. जपानात साके पिण्यासाठी हाताने घडवलेले मातीचे पेले असतात. लहानास ओचोको म्हणतात, जरा मोठ्यास गुइनोमी. बिझेन गावच्या पेल्यास झिलई नसते. कित्येक दिवस लाकडाच्या जाळात भाजताना उडती राख अंगावर बसून जो रंग येईल तोच त्याचा साज. नामांकित कुंभाराचा पेला लाकडी डबीत ठेवतात, डबीवर कुंभार आपले नाव घालतो, आणि पेला फुटलाच तर झाडाच्या चिकाने सांधून त्यावर सोन्याची पूड देतात.

या कौतुकामागे बळजबरीही आहे. १५९२ व १५९७ साली हिदेयोशीने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा त्याच्या सरदारांनी तिकडचे कुंभार धरून आणले. कारात्सू, हागी, सात्सुमा येथील भट्ट्यांना जी कीर्ती मिळाली तिच्यात या परक्या हातांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडे मातीच्या भांड्याचे नशीब निराळे. धातूचे भांडे घासून शुद्ध होते. मातीचे उष्टावले की विटाळले, म्हणून ते फोडून टाकायचे. माठ, परळ, पणती घरात आली. पण आजोबांचा मातीचा पेला नातवाने जपून ठेवला, असे धरमपेठेतल्या कोणत्या घरी सापडेल? आमचे जुने पेले घरांत उरले नाहीत. ते उरले थडग्यांत.

ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या शेजारीच आहे ते स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहण्यास गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी रात्री परतताना बोरीजवळ पुराच्या ओढ्यात ते बुडाले. पुढे शतकाहून अधिक काळ लोटला. १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले. टाकळघाटास वस्ती निघाली, खाप्यास वर्तुळांतली दफने. आणि दोन्हींचा सांधा जुळला तो मुख्यतः काळ्या-तांबड्या खापरांनी. जिवंतपणी चुलीजवळ जी वाटी होती, तिच्याच जातीची वाटी मृताच्या उशाशी ठेवलेली! लगेच १९७०-७२ मध्ये माहूरझरीही खणली गेली. तेथे लोखंडी हत्यारे, तांब्याचे दागिने व घोड्यांचे अवशेष यांच्या संगतीत अशीच भांडी मिळाली.

ही वाटी आतून व काठाशी काळी, बाहेरून खाली तांबडी असते. भांडे उपडे घालून भाजले की आत हवा पोचत नाही, तेथे काळिमा धरतो. उघड्या अंगास हवा मिळून तेथील लोह तांबडे होते. झिलई येथेही नाही, रंग अग्नीचाच. बिझेनच्या कुंभारास हे सांगावे लागले नसते.

वाटीवरून मद्य सिद्ध होत नाही, हे मात्र आम्ही बजावून ठेवतो. तीत पाणी असेल, पेज असेल, मोहाची दारूही असेल. हौशी लेखकांनी येथे सोमरस ओतू नये.

अशी कित्येक वर्तुळे नांगराखाली गेली, कित्येकांचे धोंडे बांधकामास उचलले गेले. काटोल रस्त्यावरील जुनापाणीची वर्तुळे अजून पाहता येतात. उन्हे फार चढण्यापूर्वी एखाद्या रविवारी जावे, आणि जमिनीवर खापर दिसले तर ते खिशात न घालता जागीच राहू द्यावे. कोणत्या वर्तुळात, कोणत्या थरात ते होते, एवढीच त्याची डबी आणि तेवढीच त्यावरची सही.