शाळाचालक आणि शिक्षकाचे कार्य : खान्देशातील एक पर्व

शिक्षकाच्या कामाचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न नवा नाही. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात शाळांचे सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर अवलंबून असे. तपासनीस यावा, मुलांची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्णांच्या संख्येप्रमाणे शाळेच्या पदरात रक्कम पडावी, असा हा शुद्ध व्यापारी व्यवहार होता. साहजिकच घोकंपट्टीस ऊत आला. अखेर १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने सरकारनेच ही पद्धत त्याज्य ठरविली. नफातोट्याचा हिशेब पेढीवर शोभतो. वर्गात तो लावला की मालही बिघडतो आणि गिऱ्हाईकही.

या पार्श्वभूमीवर अमळनेरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने तेथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्याच संस्थेत अध्ययनासाठी आलेले कोकणातील पालगडचे एक तरुण पदवीधर, पांडुरंग सदाशिव साने, १९२४ साली खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ख्यातनाम झालेल्या शाळेत शिक्षक झाले. शाळाचालकांनी या लाजाळू शिक्षकाकडे केवळ तासिका न देता छात्रालयही सोपविले. जबाबदारी दिली आणि ती पार पाडण्याची रीत मात्र त्यांची त्यांच्यावर सोडली. येथेच चालकांची पारख दिसते.

साने गुरुजींनी छडी हाती धरली नाही. मुलांच्या खोल्या स्वतः झाडाव्यात, कंदिलांच्या काचा पुसून ठेवाव्यात, आजारी विद्यार्थ्याच्या उशाशी बसावे, असा त्यांचा क्रम होता. मुले ओशाळली आणि आपणहून कामाला लागली. छात्रालयासाठी ते हस्तलिखित दैनिक लिहीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. यातील कोणते काम नेमणूकपत्रात लिहिलेले असेल? हजेरीपटावर जेमतेम सहा वर्षे भरतात, कारण १९३० साली राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले. तथापि एवढ्या अल्प काळात ‘गुरुजी’ हे त्यांचे कायमचे नाव झाले.

पुढे धुळ्याच्या कारागृहात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ ग्रंथरूपाने आज घराघरांत आहे, त्यामागे या शिक्षकाची लेखणी आहे.

आपल्या समाजास याहून जवळचे उदाहरण म्हणजे कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊरावांची रीत प्रतापशेठांहून निराळी होती. ते स्वतः मुलांत राहत, कष्टाची कामे करीत आणि शिक्षकांनाही त्यात ओढीत. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने दिले. चालकाच्या घरातून असा त्याग होत असता, शिक्षकाने घड्याळाकडे पाहून काम करणे शक्यच नव्हते. शिवाय भाऊराव केवळ त्यागावर विसंबले नाहीत. १९३५ साली साताऱ्यास त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र विद्यालय काढले. संस्था वाढली ती आजीव सेवकांच्या बळावर.

एकाने पैसा देऊन शिक्षकास मोकळीक राहील अशी संस्था उभी केली, दुसऱ्याने शिक्षकाच्या खांद्याला खांदा लावला. विश्वस्त मंडळांत मात्र पुष्कळदा तिसरीच रीत आढळते : देणगी दिल्यावर वर्गाच्या दारात उभे राहण्याची. साने गुरुजींच्या खोलीच्या दारात असे कोणी उभे असते, तर ते दैनिक दुसऱ्या दिवशी निघाले असते काय?