सुरगाण्याची शीव आणि हातातले जीपीएस

हातात मावणारे जीपीएस यंत्र, म्हणजे उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून धारक कोणत्या अक्षांश-रेखांशावर उभा आहे हे सांगणारे उपकरण, अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या पाठपिशवीत नेहमीचे झाले, तेव्हा सुरगाण्याच्या रानात शिकारीला कायद्याने जागा उरलेली नव्हती. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरील या तालुक्यात हे यंत्र गावकऱ्यांसमोर आले ते वनजमिनीच्या मोजणीसाठी, आणि ज्या 2006 च्या वनहक्क कायद्यामुळे ही मोजणी सुरू झाली, त्याने जंगलावरचे अनेक परंपरागत हक्क मान्य करताना वन्यप्राण्यांच्या शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. त्यामुळे सुरगाण्यापुरता या यंत्राचा इतिहास पारधीच्या वाटेवर सुरू होऊन शेताच्या बांधावर येतो, आणि गावाची शीव कोणी, कशावरून व कोणाच्या साक्षीने ओळखायची हा प्रश्न त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कायम राहतो.

सुरगाण्याचा मुलूख सह्याद्रीच्या पाणलोटावर वसलेला आहे. केमच्या डोंगरात उगम पावणारी गिरणा पूर्वेकडे वळून पुढे तापीला मिळते, तर नार आणि पार या नद्या दऱ्या कापत पश्चिमेला गुजरातकडे उतरतात. साग, सादडा, खैर आणि मोह यांचे हे पानगळीचे रान पावसाळ्यात इतके दाटते की जवळची टेकडीही नजरेआड होते, आणि फाल्गुन-चैत्रात त्याच डोंगराची प्रत्येक सोंड उघडी पडते, त्यामुळे येथील वाटाड्याला एकाच जागेच्या दोन ऋतूंतल्या दोन ओळखी जवळ बाळगाव्या लागत. कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल या समाजांच्या पारधीत हाक्याची पद्धत रूढ होती. हाका म्हणजे माणसांनी रानात रुंद फळी धरून, आरोळ्या देत, डुक्कर, ससा किंवा भेकर यांना एखाद्या खिंडीकडे अथवा वागुरीकडे, म्हणजे दोराच्या जाळ्याकडे, रेटत नेणे. फळीतल्या माणसांना एकमेकांची तोंडे दिसत नसत, तरीही कोण कोणत्या नाळीत आहे आणि कोणत्या पाणवठ्यावर वळायचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागे, आणि ते ठाऊक असे कारण प्रत्येक ओहोळाला, खडकाला व मोठ्या झाडाला नाव होते. हे ज्ञान कागदावर नव्हते म्हणून ते कच्चे होते असे समजणे चूक आहे. चुकीच्या नाळीत शिरलेला माणूस फळी मोडत असे आणि जनावर निसटत असे, म्हणजे या ज्ञानाची परीक्षा दर वेळी तिथल्या तिथे होत होती.

पारध आणि गुरे दोन्ही शिवेपाशी येऊन थांबत किंवा निदान तिथे विचारपूस होत असे, आणि ही शीव सांगणारी सर्वांत ठळक खूण म्हणजे वाघदेव. वाघ, नाग, सूर्य आणि चंद्र यांच्या आकृती कोरलेला लाकडी फळा किंवा दगड गावाच्या कडेला उभा केलेला असतो, आणि आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीच्या दिवशी, गुराखी तेथे नैवेद्य दाखवून रानातल्या वाघापासून गुरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. या देवस्थानांमुळे शीव दरवर्षी माणसांच्या डोळ्यांसमोरून जात असे. तिचे रूप सलग रेषेचे नव्हते. वाघदेव, नाल्याचा संगम, जुना मोह, डोंगराची सोंड अशा काही ठाम बिंदूंची ती माळ होती आणि दोन बिंदूंमधले अंतर चालणाऱ्यांच्या आठवणीने भरले जाई. पुढे आलेल्या जीपीएस यंत्राचे काम याच रीतीने चालते, ही गोष्ट मोजणीच्या वादांत पुरेशी लक्षात घेतली गेली नाही.

सलग रेषेचा आग्रह या भागात आला तो इंग्रजी राजवटीबरोबर. सुरगाणे हे देशमुख घराण्याचे छोटे संस्थान होते, ते 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले, आणि त्याला लागून असलेल्या डांगच्या भिल्ल राजांविरुद्ध जेम्स आउट्रमने 1830 मध्ये मोहीम काढली होती. खानदेशातल्या भिल्ल पलटणीचा अधिकारी असलेल्या आउट्रमला या अपरिचित रानात स्थानिक भिल्ल शिपायांच्या वाटा-ज्ञानाशिवाय पुढे सरकणे शक्य नव्हते. पुढे 1842 मध्ये कंपनी सरकारने डांगच्या राजांकडून सागवानाचे पट्टे घेतले, आणि लाकडाचा हिशेब सुरू होताच कोणते झाड कोणाच्या हद्दीत आहे याला पैशाचे मोल आले. 1878 च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वने असे वर्ग पाडले आणि राखीव वनाची हद्द जाहीर करून ती जमिनीवर खांब व दगडांनी दाखवण्याची पद्धत रुळली. 1927 च्या कायद्याने राखीव वनात नियमाबाहेर शिकार करणे, सापळे लावणे किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हे गुन्हे म्हणून कायम ठेवले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावर सुरगाणे व डांग यांच्यामधली जुनी सीमा राज्यसीमा बनली, तरी दोन्हीकडची नाती, बोली आणि डोंगऱ्यादेवाचा उत्सव एकच राहिले. शिकारीची वाट मात्र टप्प्याटप्प्याने बंद झाली: मुंबई राज्याचा 1951 चा वन्यप्राणी संरक्षण कायदा, मग केंद्राचा 1972 चा कायदा, आणि शेवटी 1991 ची दुरुस्ती, जिने परवान्यावर चालणारी उरलीसुरली शिकारही थांबवली.

शेतजमिनीच्या मोजणीची परंपरा निराळी होती. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घालून दिलेल्या पद्धतीत 33 फुटांची साखळी वापरली जाई, आणि या साखळीच्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. सपाट देशावर ही साखळी चोख काम करते, पण डोंगरउतारावर ती जमिनीलगत टाकली तर क्षेत्र फुगते, कारण नकाशावर उतार नव्हे तर त्याची आडवी छाया मोजली जाते. 30 अंशांच्या उतारावर 33 फूट चाललेला माणूस नकाशावर जेमतेम साडेअठ्ठावीस फूट पुढे गेलेला असतो. उतारावर नागली आणि वरई पिकवणाऱ्या कुटुंबाला आपले शेत कागदावर लहान का दिसते, याचे एक उत्तर या भूमितीत आहे आणि ते त्याला समजावून सांगणे हे मोजणी करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

जीपीएसचा जन्म लष्करी गरजेतून झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1973 मध्ये हा प्रकल्प हाती घेतला, 1978 मध्ये पहिला उपग्रह सोडला, आणि 1995 मध्ये 24 उपग्रहांची यंत्रणा पूर्ण झाली. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, तर ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान काढते. 1989 मध्ये मॅगेलन कंपनीने सामान्य ग्राहकासाठी पहिले हातातले यंत्र बाजारात आणले, पण त्या काळी नागरी वापराच्या संदेशात हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असल्यामुळे स्थान 100 मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे 2000 मध्ये ती चूक काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षी गार्मिनचे ईट्रेक्स हे छोटे यंत्र आले. दूरच्या रानात जाणाऱ्या अमेरिकी शिकाऱ्याने मग तळाची जागा, पाणवठा आणि पाडलेले जनावर यांचे वेपॉइंट, म्हणजे अक्षांश-रेखांशासह साठवलेले खूणबिंदू, नोंदवायला सुरुवात केली, आणि चाललेल्या वाटेची आपोआप होणारी नोंद, जिला ट्रॅक म्हणतात, त्याला अंधारात परत आणू लागली. काही वर्षांतच त्या शिकाऱ्यांना यंत्राच्या पडद्यावर जमिनीची मालकीही हवी झाली, कारण तिकडे सरकारी रान आणि खाजगी कुरण यांची सरमिसळ आहे आणि चुकून कुंपण ओलांडणे हा गुन्हा ठरतो. वाट दाखवणारे यंत्र हद्द दाखवू लागले ते असे.

सुरगाण्यात त्याची सुरुवातच हद्दीपासून झाली. वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007 पासून अंमलात आला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य करण्याची त्यात तरतूद आहे, आणि दाव्यांची पडताळणी ग्रामसभेच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन करायची असते. कसलेल्या तुकड्यांना सर्व्हे क्रमांक नव्हते, साखळीने मोजायला माणसे व वेळ नव्हता, तेव्हा शेताच्या कडेने यंत्र हातात धरून चालायचे, कोपऱ्याकोपऱ्यावर बिंदू घ्यायचा आणि ते बिंदू जोडून क्षेत्र काढायचे ही रीत सर्वांत सोयीची ठरली. ती जलद होती, पण साधे हातातले यंत्र मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर चुकते, आणि सागाच्या दाट पानांखाली किंवा कड्याच्या कुशीत उपग्रहांचे संदेश अडल्याने व खडकांवरून परावर्तित झाल्याने ही चूक वाढते.

ही चूक सर्वांवर सारखी पडत नाही. 4 हेक्टरचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू 200 मीटर असते, आणि चारही बाजूंना रेषा 3 मीटर आत सरकली तर क्षेत्र सुमारे 6 टक्क्यांनी घटते. पण 20 गुंठ्यांच्या तुकड्याची बाजू 45 मीटरच असते आणि त्याच 3 मीटरांनी त्याचे जवळजवळ चौथाई क्षेत्र नाहीसे होते. शिवाय भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या त्या काळच्या गणितावर, बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-84 हे नवे गणित वापरते. रूपांतर न करता यंत्रातला बिंदू जुन्या नकाशावर मांडला तर तो पन्नासाहून अधिक मीटर बाजूला पडू शकतो, म्हणजे अख्खे छोटे शेत शेजाऱ्याच्या किंवा राखीव वनाच्या हद्दीत जाऊन बसते. ज्याची जमीन सर्वांत थोडी, त्याच्यावर यंत्राच्या चुकीचा भार सर्वांत जड, हा अन्याय कोणाच्या मनात नसतानाही घडतो, आणि म्हणूनच आकडा अंतिम मानण्यापूर्वी तो शेतकऱ्यासमोर तपासणे अत्यावश्यक आहे.

6 मार्च 2018 रोजी नाशिकहून निघालेल्या आणि 12 मार्चला मुंबईत पोहोचलेल्या किसान सभेच्या लाँग मार्चमध्ये सुरगाणे, पेठ, दिंडोरी आणि कळवण येथील आदिवासी शेतकऱ्यांचा मोठा भरणा होता, आणि वनहक्क दाव्यांचा निकाल ही त्यांची अग्रक्रमाची मागणी होती. सुमारे 180 किलोमीटर चाललेल्या या मोर्चाचे एक नेते, सुरगाणे भागातून अनेकदा विधानसभेवर निवडून गेलेले जे. पी. गावित, हे होते. कसतात एकरांत आणि पट्टा, म्हणजे मान्य झालेल्या हक्काचा कागद, मिळतो गुंठ्यांत, ही तेव्हा मांडली गेलेली तक्रार मोजणीच्या प्रश्नाला थेट भिडणारी होती, आणि प्रलंबित दाव्यांचा निपटारा सहा महिन्यांत करण्याचे आश्वासन राज्य सरकारला द्यावे लागले.

यंत्र गावाच्या हाती आले तर काय होते याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. नर्मदा जिल्ह्यात आर्च-वाहिनी या संस्थेने गावकऱ्यांना हातातले जीपीएस वापरायला शिकवले, त्यांनी स्वतः आपली शेते फिरून नोंदवली आणि ते नकाशे उपग्रहाच्या छायाचित्रांवर ठेवून दाव्यांना जोडले. तेथील दावे छायाचित्रांच्या आधारे फेटाळले गेल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि केवळ अशा छायाचित्रांवर विसंबून दावा नाकारता येणार नाही असा निर्णय 2013 मध्ये झाला. त्याआधी 6 सप्टेंबर 2012 रोजी दुरुस्त झालेल्या केंद्राच्या नियमांनीही उपग्रहचित्रे व इतर तंत्रज्ञान हे अन्य पुराव्यांना पूरक मानावे, त्यांची जागा घेणारे मानू नये, असे सांगितले होते. हे अन्य पुरावे कोणते, याच्या यादीत घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांच्यासोबत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत, म्हणजे शिवेवरचा वाघदेव आणि त्याच्याजवळून पूर्वी हाका कोणत्या नाळीने वळत असे हे सांगणारा म्हातारा, दोघांनाही दाव्याच्या फायलीत अक्षांश-रेखांशाच्या बरोबरीने बसण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात तर पारंपरिक हद्दीचा नकाशा ग्रामसभेलाच करावा लागतो, आणि तो करताना शेजारच्या गावांना कळवून, त्यांच्या माणसांसह शीव चालत जाऊन, प्रत्येक खुणेवर थांबून बिंदू घेणे हीच रीत सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात निर्धोक आहे. सागाची पाने झडल्यानंतर, माघ ते चैत्र या काळात, संदेश कमी अडतात आणि बांधही दुरून दिसतात, म्हणून फेरमोजणीचे दिवस तेच धरावेत.